मागच्या बाजूची तारीख

आमच्या घरात एक माणूस राहतो. त्याला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या एका कारखान्यात एकाहत्तर साली कुठलं इंजिन कुठल्या महिन्यात ओतलं, हे त्याला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. हा माणूस म्हणजे माझा नवरा, हेमचंद्र. मी विनीता. आम्ही मूळचे पुण्याचे, पण पंचवीस वर्षांहून जास्त काळ सिंगापुरात, बुकित बातोकच्या एकाच फ्लॅटमध्ये राहतोय. आता इथलेच म्हणायचे.

हेमचंद्रबद्दल सांगायचं तर त्याच्या नोकरीपासून सांगावं लागतं, कारण सगळी गोम तिथेच आहे. पुण्यात असताना तो पिंपरीला गाड्यांच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. इथे आला तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, याचा या माणसाला जन्मभर पगार मिळाला. बरं, ऑफिसात काय काढायच्या त्या काढ ना बाबा! पण नाही. संध्याकाळी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, या टोकापासून त्या टोकाला यायचं, दारात बूट काढायचे आणि घरात सुरू व्हायचं. पोळी एका बाजूला जाड आहे. पंखा डावीकडे झुकलाय. राजसच्या वहीतलं उत्तर बरोबर आहे, पण मधली पायरी चुकली आहे.

राजस आमचा एकुलता एक मुलगा. इथे आलो तेव्हा तीन वर्षांचा होता. शाळा इथली, मित्र इथले, त्यामुळे मराठी सगळं समजतं पण तोंड उघडलं की इंग्रजी. लहानपणी वडिलांनी चूक काढली की तो लगेच दुरुस्त करून परत दाखवायला यायचा. मग हेमचंद्र त्यात दुसरी चूक काढायचा. मी मध्ये पडले की म्हणायचा, ‘विनू, मी रागावलोय का? नाही ना? मी फक्त सांगतोय.’ हे मात्र खरं, आवाज त्याने कधी चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

राजस सोळा वर्षांचा असताना गाडी आली. आमच्या इथून चालत जाण्यासारखा बुकित बातोकचा छोटा इंडस्ट्रियल भाग आहे, तिथे कोह अंकलचं वर्कशॉप. कोह अंकल म्हणजे चिनी मेकॅनिक, तेव्हाच सत्तरीला टेकलेले. त्यांच्याकडे कोपऱ्यात एक जुनी गाडी सुटी होऊन पडली होती. एकाहत्तर सालची ऑस्ट्रेलियन फाल्कन. ही मसल कार असं मला सांगण्यात आलं. मसल कार म्हणजे काय, तर गाडी दिसायला साधीच, पण पोटात नको इतकं मोठं इंजिन. मूळ प्रकार अमेरिकेतला, पण ऑस्ट्रेलियातल्या गाडीचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, म्हणून ही इकडे चालते. चालते म्हणजे, चालली असती. कागदपत्रांचं काय ते कोह अंकल बघणार आणि गाडी उभी करायचं काम बापलेक करणार, असं ठरलं. रविवारी दोघं एकत्र काहीतरी करतील म्हणून मला कोण आनंद झाला होता! मी डबा भरून द्यायचे, दोघांचा एकच, म्हणजे बरोबर बसून खातील.

आता या जुन्या गाड्यांच्या लोकांचं एक खूळ असतं, ते सांगायलाच हवं. गाडीचा प्रत्येक ओतीव भाग, म्हणजे इंजिन, पंप, गिअरची पेटी, कारखान्यात ओतताना साच्यातच त्यावर तारीख उमटवतात. एक अक्षर आणि दोन-तीन आकडे, बस. त्याला डेट कोड म्हणतात. गाडी कधी जोडून बाहेर पडली ते तिच्या पाटीवर असतंच. मग भाग त्या तारखेच्या थोडा आधीचा हवा. फार आधीचा असेल तर संशय. आणि गाडीच्या नंतरचा असेल तर विषयच संपला, तो भाग त्या गाडीचा मूळचा असूच शकत नाही. सगळ्या तारखा जुळल्या तर गाडी खरी. नाही जुळल्या तर ती कितीही झकास पळू दे, या लोकांच्या लेखी ती खोटी.

तुम्हीच सांगा, असं खूळ हेमचंद्रला सापडल्यावर काय झालं असेल? मासा पाण्यात पडला. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांड्याचा आरसा त्याने आणला. गाडीखाली आडवा होऊन, आरसा आत सरकवून तो तारखा वाचायचा आणि राजस बाजूला बसून टॉर्च धरायचा. दोन वर्षांत या कामात त्याचं इतकं नाव झालं की मलेशियातून लोक त्याला फोटो पाठवायला लागले, साहेब, माझा कोड बघा. एकदा जोहोर बाहरूचा एक गाडीवाला आमच्या घरी येऊन बसला. त्याच्या इंजिनाची तारीख गाडीशी तंतोतंत जुळत होती, तेव्हा हे मूळचंच इंजिन आहे असं सांगा, असा त्याचा हट्ट. हेमचंद्रने त्याला माझ्यासमोर बजावलं, ‘तारीख जुळली म्हणजे हे इंजिन या गाडीचं असू शकतं, एवढंच. असेलच असं नाही. त्या दिवशी तशी पन्नास ओतली असतील. मी खोटं सांगणार नाही.’ तो माणूस चहा अर्धा टाकून गेला. मला हेमचंद्रचा तेव्हा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

मग राजस नॅशनल सर्व्हिसला गेला. इथल्या मुलांना शाळा झाली की दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. आठवडाभर कॅम्पात आणि शनिवारी घरी, मळके कपडे आणि भूक घेऊन. त्या काळात त्याने गुपचूप एक काम हाती घेतलं. गाडीचा पाण्याचा पंप मिळत नव्हता. इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवतो तो पंप, त्याच्याशिवाय इंजिन चालू करता येत नाही. हेमचंद्र वर्षभर शोधत होता. राजस एका सुट्टीत मित्राबरोबर बसने जोहोर बाहरूला गेला आणि भंगारवाल्यांच्या रांगा पालथ्या घालून एक पंप घेऊन आला. गंजून लालभडक झालेला. फक्त मला सांगितलं, आणि ‘आई, डोन्ट टेल बाबा ओके’ म्हणून शपथ घातली. पुढचे कित्येक शनिवार बाबा झोपले की दुपारी तो माझ्या धुण्याच्या जागेत तारेचा ब्रश घेऊन बसायचा. माझी बादली काळी झाली, मोरी तुंबली, मी चकार शब्द काढला नाही. पंप असा निघाला की त्यात तोंड पाहावं.

आणि एका शनिवारी कोह अंकलच्या मदतीने त्याने तो बसवलाही. रविवारी वडिलांना घेऊन गेला. मीही डबा घेऊन गेले, कारण मला हेमचंद्रचं तोंड बघायचं होतं.

हेमचंद्रने पंप पाहिला. ‘अरे वा!’ म्हणाला. देवाशप्पथ सांगते, म्हणाला. मग खिशातून आरसा काढला. राजसने सवयीने टॉर्च धरला. हेमचंद्रने वाकून कोड वाचला आणि सरळ झाला. ‘त्र्याहत्तरचा आहे,’ तो म्हणाला. ‘जून त्र्याहत्तर. आपली गाडी एकाहत्तरची.’

‘कॅन वर्क व्हॉट, बाबा,’ राजस म्हणाला. म्हणजे चालतोय ना, मग झालं.

‘चालण्याचा प्रश्न नाही रे. जुळायला हवा. हा बसवला तर बाकीचं सगळं जुळवलेलं वाया जाईल.’

कोह अंकल म्हणाले, आज इंजिन चालू तरी करून बघू, मग काढू. हेमचंद्र म्हणाला, चुकीच्या भागावर पहिल्यांदा चालू करायचं नाही. आणि स्वतःच पाना घेऊन बसला. राजस टॉर्च धरून उभा होता. पंप निघेपर्यंत त्याने टॉर्च हलू दिला नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण परक्या माणसासमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसून डबा उघडला. कोणी खाल्लं नाही.

पंप घरी आला आणि दाराबाहेर चपलांच्या कपाटावर पडून राहिला. आमच्याकडे खाली हॉर्न वाजवत कारंग गुनीवाला येतो. जुनी रद्दी, मोडके पंखे, लोखंड असं घेऊन जाणारा भंगारवाला. मी त्या दिवशी कामावर होते. हेमचंद्रने त्याला रद्दी दिली आणि रद्दीवर पंप ठेवला. शनिवारी राजस आला, कपाटाकडे बघितलं आणि विचारलं, ‘माय पंप व्हेअर?’

‘भंगारात दिला. दोन वर्षं उशिराचा होता,’ हेमचंद्र पेपरातून मान वर न करता म्हणाला.

राजस भांडला नाही. बूट काढले, आंघोळ केली, जेवला, ताट घासून ठेवलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. हेमचंद्र तयार होऊन दारात उभा राहिला तर हा म्हणाला, ‘यू गो अहेड, बाबा. आय टायर्ड.’ त्यानंतर तो वर्कशॉपमध्ये कधी गेला नाही. नॅशनल सर्व्हिस संपल्यावर इथे प्रवेश मिळत असताना पर्थला शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला. लग्न केलं आणि आम्हाला नंतर फोटो पाठवले. मुलगी साध्या सुती ड्रेसमध्ये, हा शर्टाच्या बाह्या दुमडून. छान दिसत होते दोघं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

एका पंपासाठी कोणी घर सोडत नाही, हे मलाही कळतं. पोळी, पंखा, गणिताची पायरी, सगळं त्यात आलं. पण शेवटचा तो पंपच ना!

हेमचंद्र तोवर गाडी जुळवतच होता. योग्य तारखेचा पंप त्याला पुढे मिळाला. काच मिळाली, तिच्यावरही कोपऱ्यात तारीख असते म्हणे. एक दिवस घरी येऊन म्हणाला, ‘विनू, संपलं. सगळं जुळलं.’ मी म्हटलं, मग कर चालू. तर म्हणाला, ‘राजस आल्यावर. पहिल्यांदा दोघं मिळून चालू करू.’ तेव्हा राजसला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि एकदाही तो आला नव्हता. दर दिवाळीला हेमचंद्र मला विचारायला लावायचा. दर दिवाळीला ‘सी हाऊ ला, आई’, म्हणजे बघू, असं उत्तर यायचं. राजस दर गुरुवारी मला फोन करतो. ‘हाऊ इज बाबा’ एवढं विचारतो, पण फोन बाबांकडे दे असं म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी राजसला मुलगी झाली. नाव ठेवलं जाई. मराठी नाव ठेवलं, हे ऐकून हेमचंद्र दिवसभर घरात गुणगुणत फिरत होता. ‘म्हणजे अजून आपला आहे तो,’ म्हणाला. मला ते सहन झालं नाही. म्हटलं, ‘आपला होताच. तू भंगारात दिलास.’ फट्कन तोंडातून गेलं. तो हसला आधी. मग हसायचा थांबला. आठवडाभर त्याने माझी एकही चूक काढली नाही, तेव्हा मी घाबरले.

त्यानंतर त्याने मला सांगितलं, ‘मी तो पंप परत आणतो.’

मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, कारंग गुनीवाल्याकडून मोठ्या भंगारवाल्याकडे, तिथून भट्टीत. त्याचं एव्हाना काय काय झालं असेल! पण हेमचंद्रला कोड पाठ होता. ज्या तारखेमुळे पंप नाकारला, ती तारीख त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. त्याने जगभरच्या फाल्कनवाल्यांना विचारायला सुरुवात केली. लोक चक्रावले. एकाहत्तरच्या आधीचंच हवं म्हणून डोकं खाणारा माणूस आता जून त्र्याहत्तरचा पंप मागतोय, आणि तोही नेमक्या त्याच दिवसाचा! कोह अंकल माझ्याजवळ बोट डोक्यापाशी फिरवून म्हणाले, तुझ्या नवऱ्याचा स्क्रू ढिला झालाय. मी म्हटलं, अंकल, पहिल्यापासूनच आहे, तुम्हाला आत्ता दिसला.

मलेशियातलं इपोह झालं, पेनांग झालं, ऑस्ट्रेलियातली भंगाराची यार्डं झाली. ऑफिसातून तो याच सुमाराला निवृत्त झाला, त्यामुळे दिवसभर हेच. शेवटी ॲडलेडच्या एका माणसाकडे मिळाला. तोच प्रकार, तोच कोड, तोच दिवस. पार्सल आलं तेव्हा हेमचंद्रने ते जेवणाच्या टेबलावर उघडलं. मग धुण्याच्या जागेत बसला, तारेचा ब्रश घेऊन, जिथे राजस बसायचा तिथेच. साठ वर्षांचा माणूस मांडी घालून पंप घासतोय. मी बादली दिली.

पंप चकचकीत झाल्यावर तो म्हणाला, ‘राजसला सांगायचं, त्याचाच आहे. कारंग गुनीवाल्याच्या गोदामात पडून होता, मी शोधून काढला.’

‘काय?’ मी म्हटलं.

‘तारीख तीच आहे ना.’

‘हेमू, तारीख जुळली म्हणजे तोच असतो असं नाही. हे तू लोकांना ओरडून सांगतोस. त्या जोहोरवाल्याला घरातून घालवलंस.’

‘त्याला कसं कळणार आहे? कोडच बघेल ना तो?’

‘खरं सांग त्याला. सांग की तुझ्यासाठी दुसरा आणला. एवढं केलंस हे ऐकून त्याला बरं वाटेल.’

‘दुसरा तो दुसराच,’ हेमचंद्र म्हणाला. ‘मला त्याचाच परत द्यायचाय.’ आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, ‘एकदाच खोटं बोलतो, विनू. आयुष्यात एकदा.’

रविवारी आम्ही वर्कशॉपमध्ये गेलो. हेमचंद्रने इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडीचं बॉनेट उघडून ठेवलं, जुळणारा पंप काढून बाजूला ठेवला आणि हा हातात घेतला. मी राजसला व्हिडिओ कॉल लावला. गुरुवार नसताना फोन आला म्हणून तो आधी घाबरला. मी म्हटलं, सगळं ठीक आहे, बाबांना तुला काही दाखवायचंय. जाई त्याच्या मांडीवर केळं खात होती. केळं दोन्ही गालांना.

‘हे बघ काय मिळालं,’ हेमचंद्र म्हणाला. पंप वर धरला. ‘तुझा पंप.’

राजसने जाईला मांडीवर नीट धरलं.

‘कारंग गुनीवाला ज्याला माल देतो ना, त्याच्या गोदामात. इतकी वर्षं कोपऱ्यात पडून. हा बघ कोड. जून त्र्याहत्तर.’ सगळं एका दमात बोलून टाकलं त्याने. खोटं बोलायची सवय नाही ना.

‘सिरियस?’ राजस म्हणाला. मग मराठीत म्हणाला, ‘खरंच, बाबा?’

माझ्या पोरानं किती वर्षांनी मराठी वाक्य उच्चारलं! तो फोनजवळ आला, इतका जवळ की नुसतं तोंडच दिसायला लागलं. एकोणीस वर्षांचा असताना पंपाला ब्रश मारताना जसा दिसायचा, तसा दिसला मला. तो हसत होता. जाईला म्हणाला, ‘सी, जाई, पापाज पंप!’

‘बसवलेला नाही मी,’ हेमचंद्र म्हणाला. ‘तू ये. तू बसव. यावरच चालू करू. जुळत नाही तर नाही, गेलं खड्ड्यात.’

‘डिसेंबर कॅन,’ राजस म्हणाला. ‘डिसेंबरमध्ये लीव्ह आहे. जाईला पण आणतो.’

मी तोंडावर पदर नाही, ओढणी धरली. कोह अंकलना काही समजलं नाही तरी तेही हसायला लागले. आणि मला वाटलं, बोलू दे खोटं, जन्मभर बोलू दे, मी साक्ष देईन.

‘बाबा, टर्न अराउंड,’ राजस म्हणाला. ‘मागची बाजू दाखवा.’

हेमचंद्रने पंप उलटा केला. आतली बाजू, इंजिनाला लागून बसते ती. एकदा बसवला की ती कोणाला दिसत नाही. ती त्याने अगदी आरशासारखी घासली होती. राजस बघत राहिला. ‘थोडं डावीकडे. वर. लाइट मारा.’

कोह अंकलनी टॉर्च मारला. कोरी करकरीत बाजू होती.

राजस मागे सरकला. ‘दॅट्स नॉट माइन,’ तो म्हणाला.

‘अरे, कोड बघ ना पुढचा—’

‘मी मागे डेट टाकली होती, बाबा. पंचनं ठोकून. डॉट, डॉट, डॉट. कोडसारखीच. जुळायला पाहिजे ना तुम्हाला, म्हणून.’ त्याच्या आवाजात राग नव्हता. वडिलांचाच आवाज होता तो, फक्त सांगणारा. ‘तुम्ही काढला तेव्हा पण उलटा करून बघितला नाही?’

हेमचंद्रने मान हलवली. नाही.

‘कुठली तारीख टाकली होतीस?’ त्याने विचारलं.

राजसने जाईचं तोंड पुसलं. गाल पुसले, हात पुसले, एकेक बोट पुसलं. ‘नेव्हर माइंड ला,’ तो म्हणाला.

‘सांग ना रे. कुठली?’

‘लाँग टाइम अगो, बाबा. इट्स ओके. शी नीड टू स्लीप ऑलरेडी. टेक केअर, हां.’

फोन बंद झाला. हेमचंद्र पंप उलटाच धरून उभा होता. कोह अंकलनी त्याच्या हातातून तो काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. मी बॉनेट खाली केलं. घरी येताना आम्ही दोघं बसस्टॉपवर बसलो, आमची बस आली, गेली, दुसरी आली.

गुरुवारी मी राजसला म्हटलं, ‘त्यांनी खोटं बोलायला नको होतं. पण वर्षभर शोधत होते रे तुझ्यासाठी.’ तो म्हणाला, ‘आय नो, आई.’ मग म्हणाला, ‘दुसरा आणला म्हणून सांगितलं असतं तर मी आलो असतो.’ मी डिसेंबरचं विचारलं. डिसेंबर जमणार नाही असं दिसतंय, म्हणाला. मी तारखेचंही विचारलं. आठवत नाही, म्हणाला. खरंच आठवत नाही की सांगायची नाही, हे मला त्याच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. आई असून नाही आलं. त्यानंतर दोनदा त्याला पुन्हा विचारलं, तर म्हणाला, ‘आई, डोन्ट ला, प्लीज.’ आता मी विचारत नाही.

डिसेंबर येऊन गेला. गाडी तिथेच आहे. जुळणारा पंप काढलेला आहे, न जुळणारा टेबलावर आहे, आणि गाडीला पंपच नाही. कोह अंकल आता फारसे येत नाहीत, त्यांचे गुडघे गेलेत. जागा सोडायची म्हणतात. गाडीचं काय करायचं विचारतात, तर हेमचंद्र म्हणतो, बघू.

घरी तो कोणाच्या चुका काढत नाही. परवा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. जेवला मुकाट्याने. मला इतकं वाईट वाटलं, की मीच उठून मीठ आणलं आणि त्याच्या वाटीत घातलं.

एक मात्र रोज चालतं. सकाळी चहाचा कप घेतला की तो माझ्याकडे बघून पंपामागच्या त्या तारखेचा एक अंदाज सांगतो. ‘माझा वाढदिवस असेल का गं?’ मी म्हणते, असेल. दुसऱ्या दिवशी, ‘गाडी आणली ती तारीख असेल.’ असेल. ‘तो नॅशनल सर्व्हिसला गेला तो दिवस? कुठला होता तो?’ तो मी सांगते, कारण तो मला पाठ आहे. शाळेचा पहिला दिवस, सायकल शिकला तो दिवस, ताप आला होता तो दिवस, सगळे मीच सांगते. तो ऐकून घेतो आणि मान हलवतो, जुळत नाही अशी. कशाशी जुळवतो ते त्यालाच माहीत.

आज सकाळी म्हणाला, ‘एक रविवार होता, विनू. तो असेल.’

‘कुठला रविवार? काय होतं त्या दिवशी?’

‘काही नव्हतं. आम्ही गाडीखाली होतो. मी कोड वाचत होतो आणि तो टॉर्च धरून होता. मला म्हणाला, बाबा, तुम्हाला नीट दिसतंय ना?’

मी कप खाली ठेवला. ‘मग तारीख सांग की.’

त्याने डोळे मिटले, बराच वेळ आठवून पाहिलं.

‘तारीख नाही आठवत,’ तो म्हणाला.